रजोनिवृत्तीतील हार्मोनची पट्टी : वैद्य व औषध विक्रेत्यांनी घ्यावयाची दक्षता

सुश्रुताचार्यांनी स्त्रीच्या रजःप्रवृत्तीचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंतचा सांगितला आहे. त्यानंतर शरीर जरेने पक्व होते व रज क्षीण होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आजच्या भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास थांबते आणि त्यापुढे पंचवीस-तीस वर्षांचे आयुष्य तिच्यासमोर असते. अंगातून वाफा निघणे, रात्री घामाने जाग येणे, निद्रानाश, चिडचिड, योनीची रूक्षता, सांधेदुखी या तक्रारी घेऊन ती आपल्या चिकित्सालयात येते. वातवृद्धी व पित्तानुबंध यांचा विचार करून आपण तिची चिकित्सा करतो आणि पुष्कळ स्त्रियांना त्याने बरेही वाटते. तथापि अलीकडे या स्त्रियांपैकी काही जणी त्वचेवर हार्मोनची पट्टी, म्हणजेच पॅच, लावूनच आपल्याकडे येऊ लागल्या आहेत. कोणाला स्त्रीरोगतज्ज्ञांनी ती दिलेली असते, कोणाला परदेशातील लेकीने किंवा सुनेने पाठविलेली असते. ही पट्टी आपण लिहून देवो अथवा न देवो, तिची माहिती आपल्याला असलीच पाहिजे, हे आम्हाला एका प्रसंगाने शिकविले. तो प्रसंग लपविण्यापेक्षा सांगणेच अधिक हिताचे आहे.

आमचा प्रमाद

चोपन्न वर्षांच्या एक गृहिणी आमच्या नाशिकच्या चिकित्सालयात आल्या. पाळी जाऊन दोन वर्षे झाली होती आणि आता पुन्हा अधूनमधून रक्तस्राव होत होता. नित्याप्रमाणे आम्ही विचारले, "मावशी, कसल्या गोळ्या चालू आहेत का?" त्यांनी उत्तर दिले, "नाही हो वैद्यसाहेब, गोळी एकसुद्धा नाही." उत्तर अक्षरशः खरे होते. आम्ही प्रदराची चिकित्सा आरंभिली. अशोकारिष्ट, पुष्यानुग चूर्ण, पथ्य असे सर्व यथाशास्त्र चालू होते. स्राव कमी होई, पुन्हा सुरू होई. असे सुमारे दोन महिने गेले.

पुढे कंबरदुखीसाठी अभ्यंग करण्याचे ठरले. अभ्यंगाच्या खोलीत परिचारिकेला त्यांच्या ओटीपोटावर एक पारदर्शक चिकटपट्टी दिसली. तिने विचारले, "मावशी, हे काय लावलंय?" त्या हसून म्हणाल्या, "ही होय, लेकीने दिलेली पट्टी. वाफांसाठी. ते काही औषध थोडंच आहे!" परिचारिकेने आम्हाला बोलावले. चौकशी करता कळले की, लेकीकडे परदेशी असताना तेथील डॉक्टरांनी पट्टीबरोबर रात्री घेण्याच्या कॅप्सूलही दिल्या होत्या. त्या घेतल्या की सकाळी डोके जड राहते, म्हणून मावशींनी त्या सोडून दिल्या होत्या आणि गुण तर पट्टीनेच येतो, अशी स्वतःची समजूत करून घेतली होती. गेले आठ महिने एकटी पट्टीच चालू होती.

आम्ही त्यांना त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठविले. सोनोग्राफीत गर्भाशयाचा अंतःस्तर जाड झालेला दिसला. क्युरेटिंग करून तपासणी झाली. अंतःस्तराची अतिवृद्धी होती, परंतु पेशींत विकृती नव्हती. योग्य उपचारांनी काही महिन्यांत तो पूर्ववत झाला. कर्करोग नव्हता, हे त्यांचे सुदैव आणि आमचेही. परंतु रजोनिवृत्तीनंतरच्या रक्तस्रावाला, कारण निश्चित न करता, आम्ही दोन महिने प्रदर म्हणून हाताळले, हा आमचा प्रमाद होय. 'गोळ्या' एवढाच शब्द वापरून प्रश्न विचारला, हा त्याहून साधा, परंतु तितकाच महाग पडू शकणारा दोष होता.

पट्टी म्हणजे नेमके काय?

बाहेरून लावलेले द्रव्य शरीरात कार्य करते, ही कल्पना आपल्याला नवीन नाही. चरकाचार्यांनी औषधाच्या तीन प्रकारांत बहिःपरिमार्जनाची गणना केली आहे आणि त्वचेतील भ्राजक पित्त अभ्यंग, परिषेक, अवगाह व आलेप यांतील द्रव्यांचे पचन करते, असे सुश्रुतसंहितेत म्हटले आहे. मात्र साम्य येथेच संपते. लेप सुकला की काढावा, रात्री लावू नये, असे आपले शास्त्र सांगते. ही पट्टी मात्र रात्रंदिवस तीन-चार दिवस, काही प्रकारांत सात दिवस, अंगावर राहते आणि ठरावीक गतीने औषध सोडत राहते. तेव्हा तिला लेपाचे नियम लावून चालणार नाही.

त्वचेतून सर्व शरीरास औषध पोहोचविणारी पहिली पट्टी प्रवासातील मळमळीसाठी होती. तिला अमेरिकेत १९७९ मध्ये मान्यता मिळाली. रजोनिवृत्तीच्या तक्रारींसाठी इस्ट्राडायॉलची पट्टी १९८६ मध्ये आली. प्रारंभीच्या पट्ट्यांत औषधाची पातळ पिशवी असे. पुढे गोंदातच औषध मिसळलेल्या पातळ पट्ट्या आल्या. पट्टीवरील अंक चोवीस तासांत किती मायक्रोग्रॅम इस्ट्राडायॉल शरीरात जाते, ते दर्शवितो. २५, ३७.५, ५०, ७५ व १०० या नेहमीच्या मात्रा आहेत. साधारणतः २५ ते ५० पासून आरंभ करून सुमारे तीन महिन्यांनी गुण पाहून मात्रा ठरविली जाते. आपल्याकडे पट्टीपेक्षा त्वचेवर चोळण्याचे इस्ट्राडायॉल जेल अधिक सहज मिळते. पुढील बहुतेक विवेचन त्यालाही लागू आहे.

पट्टीचा मुख्य लाभ असा की, औषध आतडे व यकृत यांना वळसा घालून सरळ रक्तात जाते. तोंडाने घेतलेले इस्ट्रोजेन प्रथम यकृतात जाते. तेथे रक्त गोठविणारी प्रथिने व ट्रायग्लिसराइड वाढण्यास ते कारण होते. पट्टीत हा परिणाम बराच टळतो. ब्रिटनमध्ये २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शिरांत गुठळी झालेल्या ८० हजारांहून अधिक स्त्रियांची तुलना इतर स्त्रियांशी करण्यात आली. गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढल्याचे त्यात दिसले, पट्टी व जेल यांनी तो वाढल्याचे दिसले नाही. म्हणून स्थूल, अर्धशिशीच्या, मधुमेही किंवा ट्रायग्लिसराइड वाढलेल्या स्त्रीस इस्ट्रोजेन द्यावयाचेच झाले, तर तज्ज्ञ बहुधा पट्टी किंवा जेल निवडतात.

भीती आणि भरवसा, दोन्ही अवाजवी

या विषयावर आपल्या रुग्णांच्या मनात दोन टोकांच्या समजुती आढळतात. एकीला हार्मोन म्हणजे कर्करोगच वाटतो, तर दुसरीला पट्टी म्हणजे निव्वळ चिकटपट्टी वाटते. पहिल्या समजुतीचे मूळ जुलै २००२ मध्ये आहे. अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अभ्यासातील १६,६०८ स्त्रियांवरील एकत्रित हार्मोनांचा प्रयोग त्या महिन्यात मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. दर १० हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे ८, पक्षाघाताचे ८, फुप्फुसातील गुठळीचे ८ व हृदयविकाराचे ७ रुग्ण अधिक आढळले होते, तर खुब्याचे अस्थिभंग ५ ने व मोठ्या आतड्याचे कर्करोग ६ ने कमी होते. या बातमीने जगभर स्त्रियांनी औषधे बंद केली.

परंतु त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, त्यांना घोडीच्या मूत्रापासून काढलेले इस्ट्रोजेन व एक कृत्रिम प्रोजेस्टोजेन तोंडाने दिले होते आणि तो पट्टीचा अभ्यास नव्हता, हे तपशील मागे पडले. पुढील विश्लेषणांतून असे मत स्थिरावले की, साठ वर्षांच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, तीव्र लक्षणे असलेल्या व प्रतिबंधक कारण नसलेल्या स्त्रीस लाभ बहुधा धोक्याहून अधिक असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये या औषधांवरील चौकटीतील अनेक ठळक इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला. मात्र सर्व शरीरावर कार्य करणाऱ्या एकट्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग होऊ शकतो, हा इशारा कायम ठेवला. आमच्या मावशींची कथा नेमकी याच इशाऱ्याची आहे.

स्तनाच्या कर्करोगाचा धोका शून्य झाला, असेही कोणी समजू नये. पाश्चात्त्य देशांतील माहितीच्या २०१९ मधील एकत्रित विश्लेषणानुसार, पन्नासाव्या वर्षी सुरू करून पाच वर्षे इस्ट्रोजेन व रोजचे प्रोजेस्टोजेन घेणाऱ्या दर ५० स्त्रियांमागे वीस वर्षांच्या काळात साधारण एक रुग्ण अधिक आढळतो. केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे २०० स्त्रियांमागे एक असे आहे. हे अंक रुग्णेस शांतपणे सांगावेत आणि निर्णय तिला व तिच्या तज्ज्ञांना घेऊ द्यावा.

पहिला प्रश्न : गर्भाशय आहे की काढले आहे?

इस्ट्रोजेन गर्भाशयाचा अंतःस्तर वाढविते आणि प्रोजेस्टेरॉन त्या वाढीस आवर घालते. हा आवर नसेल तर काय होते, हे १९७५ पासून जगाला ठाऊक आहे. त्या वर्षी एकट्या इस्ट्रोजेनचा व अंतःस्तराच्या कर्करोगाचा संबंध दाखविणारे अभ्यास प्रसिद्ध झाले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तीन वर्षांच्या प्रयोगात गर्भाशय असून केवळ इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेतलेल्या स्त्रियांपैकी ६२ टक्के स्त्रियांत अंतःस्तराची कोणती ना कोणती अतिवृद्धी आढळली. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २ टक्के होते. पट्टी यकृताला वळसा घालते, गर्भाशयाला नव्हे. म्हणून गर्भाशय असलेल्या स्त्रीस पट्टीबरोबर प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल, प्रोजेस्टोजेनयुक्त संयुक्त पट्टी किंवा तज्ज्ञांनी बसविलेली लेव्होनॉरजेस्ट्रेलयुक्त तांबी यांपैकी काही असलेच पाहिजे. कॅप्सूलने झोप येते, म्हणूनच ती रात्री घ्यावयाची असते. ती सोसत नसेल तर दुसरा मार्ग तज्ज्ञ काढतात. ती आपल्या मनाने सोडणे हा मार्ग नव्हे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. आपल्या महाराष्ट्रात 'पिशवी काढलेल्या' स्त्रियांची संख्या लहान नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या प्रश्नावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली होती. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत तरुण वयाच्या स्त्रियाही होत्या. ज्यांची बीजांडेही काढली जातात, त्यांना एका दिवसात रजोनिवृत्ती येते. बीजांडे ठेवली तरी ती पुष्कळदा वेळेआधी मंदावतात. अशा स्त्रीची हाडे लवकर ठिसूळ होतात व हृद्रोगाचा धोका वाढतो. प्रतिबंधक कारण नसेल तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, म्हणजे सुमारे पन्नाशीपर्यंत, तिला इस्ट्रोजेन देण्याची शिफारस केली जाते आणि गर्भाशय नसल्याने तिला सामान्यतः प्रोजेस्टेरॉन लागत नाही. अशी पस्तिशीची स्त्री 'अंगात कणकण व हातपायात गोळे' एवढीच तक्रार घेऊन आली, तर केवळ बल्य औषध देऊन तिला परत पाठवू नये. शस्त्रक्रियेचे कागद पाहावेत आणि तज्ज्ञांच्या सल्ल्याचा मार्ग तिला दाखवावा. जिला पट्टीची सर्वाधिक गरज आहे तिच्यापर्यंत ती पोहोचत नाही आणि जिने जपून वापरावयास हवी तिच्या घरी ती टपालाने येते, ही आजची विषमता आहे.

कोणास पट्टी वर्ज्य?

स्तनाचा किंवा गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग झालेला असणे, कारण न कळलेला योनिगत रक्तस्राव, शिरांत नुकतीच झालेली गुठळी, हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात होऊन गेलेला असणे, तीव्र यकृतविकार आणि गर्भारपण ही वर्ज्य कारणे होत. अनियंत्रित रक्तदाब प्रथम आटोक्यात आणावा लागतो. पट्टी हे गर्भनिरोधकाचे साधन नाही, हेही स्पष्ट सांगावे. पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षे व पन्नाशीनंतर एक वर्ष गर्भधारणेची शक्यता गृहीत धरावी लागते.

आरंभीच्या तीन ते सहा महिन्यांत थोडा अनियमित स्राव होऊ शकतो. तो सहा महिन्यांपुढे चालू राहिला, अधिक झाला, किंवा स्राव पूर्ण थांबल्यानंतर पुन्हा दिसला, तर तपासणी अपरिहार्य आहे. पोटरी सुजणे व दुखणे, छातीत दुखणे, एकाएकी दम लागणे, बोलणे अडखळणे, एका अंगाची शक्ती जाणे, स्तनात गाठ लागणे यांपैकी काहीही दिसल्यास चूर्णाची पुडी न बांधता रुग्णेस तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

लावण्याची रीत

पट्टी ओटीपोटावर, नितंबावर किंवा उत्पादनाच्या सूचनेप्रमाणे मांडीच्या वरच्या बाहेरील भागावर लावावी. स्तनावर कधीही लावू नये. साडीची गाठ, परकराची नाडी किंवा सलवारीचे इलॅस्टिक जेथे घासते ती जागा टाळावी. त्वचा स्वच्छ, कोरडी व थंड असावी. तिच्यावर तेल, पावडर, उटणे काहीही नसावे. पाकीट उघडताच पट्टी लावून तळहाताने सुमारे दहा सेकंद दाबून धरावी. प्रत्येक वेळी जागा बदलावी. त्याच जागी निदान आठवडाभर पुन्हा लावू नये. आठवड्यातून दोनदा बदलावयाची असल्यास सोमवार व गुरुवार असे वार ठरवून घ्यावेत आणि दिनदर्शिकेवर खूण करावी. पट्टी निघाली तर पुन्हा दाबून पाहावी. न चिकटल्यास नवी लावावी, परंतु बदलण्याचा ठरलेला वार तोच ठेवावा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याखेरीज पट्टी कापू नये. औषधाची पिशवी असलेली पट्टी तर कधीच कापू नये. किंचित लाली वा खाज सामान्य आहे. फोड आल्यास पट्टी काढून तज्ज्ञांना विचारावे. काढल्यावर राहिलेला गोंद तिळाच्या तेलाने सहज निघतो, मात्र त्या तेलाच्या जागेवर नवी पट्टी धरणार नाही.

द्राक्षबागेत काम करणाऱ्या निफाड-दिंडोरीकडील स्त्रीचा विचार वेगळा करावा. काढणीच्या दिवसांत ती उन्हात व घामात वावरते. तिची पट्टी वारंवार सुटू लागली, तर दुसरी वर दुसरी चिकटविण्यापेक्षा जेलचा पर्याय तज्ज्ञांना विचारावा. जेल लावल्यास ते पूर्ण सुकेपर्यंत थांबून ती जागा वस्त्राने झाकावी, हात धुवावेत आणि त्या जागेचा लहान मुलांना स्पर्श होऊ देऊ नये.

पंचकर्म व पट्टी

हा भाग कोणत्याही पट्टीच्या माहितीपत्रकात सापडणार नाही, परंतु आपल्या व्यवसायात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. पट्टीची नेहमीची जागा व आपल्या कर्मांची जागा एकच आहे. कटिबस्ती, अवगाह, पत्रपोट्टली, नाडीस्वेद ही सर्व कर्मे कंबर, ओटीपोट व नितंब यांच्याशी संबंधित आहेत.

उष्णतेने त्वचेतील रक्ताभिसरण वाढते व पट्टीतील औषध अपेक्षेहून वेगाने शोषले जाऊ शकते. याच कारणाने पट्टीवर थेट उष्णता लागू देऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. बाष्पस्वेदाची पेटी, गरम पोट्टली, घरी पोट शेकण्याची पिशवी या सर्वांना तो लागू होतो. उलट स्नेहनाने गोंद सुटतो आणि पट्टी अर्धवट लोंबत राहून मात्रा कमी पडते. म्हणून आम्ही आता पुढील व्यवस्था पाळतो. एखाद्या दिवसाचे स्नेहन-स्वेदन असल्यास ते पट्टी बदलण्याच्या वारी ठेवावे. आधी जुनी पट्टी काढावी, कर्म करावे, डाळीच्या पिठाने वा उटण्याने तेल पूर्ण काढून स्नान करावे, अंग कोरडे व थंड झाल्यावर नवी पट्टी लावावी. सात किंवा चौदा दिवसांचा सलग क्रम असल्यास पट्टी लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी आधीच बोलावे. त्या काळापुरते जेल घ्यावे की जागा बदलून पट्टीच ठेवावी, हे त्यांनी ठरवावे. आपण परस्पर पट्टी बंद करू नये.

प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूलचा विचारही शोधनकाळी करावा. पट्टी पचनमार्गावर अवलंबून नसल्याने वमन-विरेचनाचा तिच्यावर परिणाम होत नाही. कॅप्सूल मात्र उलटीवाटे पडू शकते. अन्नाबरोबर तिचे शोषण वाढते, म्हणून स्नेहपानाच्या दिवसांत अधिक ग्लानी येण्याची शक्यता लक्षात ठेवावी.

आपली औषधे व पट्टी

यष्टीमधूचा दीर्घकाळ व अधिक मात्रेत वापर केल्यास रक्तदाब वाढतो, अंगावर सूज येते व पोटॅशियम घटते, हे सुविदित आहे. हार्मोन घेणाऱ्या व रक्तदाब असलेल्या स्त्रीत तो टाळावा किंवा रक्तदाब मोजत राहावा. अश्वगंधा, जटामांसी, तगर यांसारखी निद्राकर द्रव्ये रात्रीच्या कॅप्सूलबरोबर दिल्यास सकाळपर्यंत झापड राहू शकते. गुग्गुळाने औषधांचे विघटन करणाऱ्या यकृतातील यंत्रणेस चालना मिळत असल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे. त्यामुळे गुग्गुळकल्प सुरू केल्यावर वाफा पुन्हा वाढल्या, तर ही शक्यता ध्यानात घ्यावी. शतावरी व सोयाबीनयुक्त कल्प स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रीस तिच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्यावाचून देऊ नयेत.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. शतावरी, शिरोधारा, अभ्यंग, आहारविहार यांनी अनेक स्त्रियांची झोप व स्वास्थ्य सुधारते, हा आपला अनुभव आहे. परंतु 'आमचे औषध म्हणजे वनस्पतींतील हार्मोनच, पट्टी फेकून द्या' असे सांगण्याचा अधिकार त्या अनुभवाने मिळत नाही. बीजांडे काढलेल्या तरुण स्त्रीच्या अस्थिक्षयाची जबाबदारी असे सांगणाऱ्यावर येते. त्याचप्रमाणे केवळ योनीच्या रूक्षतेसाठी पट्टीची गरज बहुधा नसते. स्थानिक अल्पमात्रेचे इस्ट्रोजेन मलम किंवा तैलपिचू पुरेसा होतो.

औषध विक्रेत्यांना विनंती

पट्टी व जेल ही डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच द्यावयाची औषधे आहेत. 'मागच्या वेळी नेली होती तीच द्या' या मागणीवर ती देऊ नयेत. चिठ्ठीत केवळ इस्ट्रोजेन असेल तर दोनच वाक्ये विचारावीत : "ताई, पिशवी काढली आहे का? नसेल तर बरोबरच्या कॅप्सूल चालू आहेत ना?" कॅप्सूल दुकानात नाहीत म्हणून नुसती पट्टी देऊन रुग्णेस पाठवू नये. गर्भनिरोधक पट्टीत वेगळे व तीव्र इस्ट्रोजेन असते. ती रजोनिवृत्तीची पट्टी म्हणून कधीही देऊ नये. मात्रेचा अंक चिठ्ठीशी ताडून पाहावा, कारण आठवड्यातून एकदा व दोनदा बदलावयाच्या पट्ट्यांची पाकिटे दिसावयास सारखी असू शकतात.

साठवणीचे तापमान पाकिटावर दिलेले असते. नाशिकचा वैशाख पूर्वीसारखा सौम्य राहिलेला नाही. पत्र्याखालच्या फळीवर किंवा उन्हातल्या काचेच्या कपाटात पट्ट्या ठेवू नयेत आणि पाकिटातून काढून सुट्या विकू नयेत. वापरलेल्या पट्टीतही बरेच औषध शिल्लक राहते. ती चिकट बाजू आत घेऊन दुमडावी व मुलांच्या आणि जनावरांच्या हाती लागणार नाही अशी टाकावी, हे प्रत्येक ग्राहकास सांगावे. चारण्याचेही न वाटणारे हे काम एखाद्या बालकास संकटातून वाचवू शकते.

समारोप

त्या प्रसंगानंतर आमच्या रुग्णपत्रकात एका ओळीची भर पडली आहे. 'गोळी, इंजेक्शन, थेंब, मलम, अंगावर लावलेली पट्टी, आत बसविलेली तांबी, परदेशातून आलेले काहीही' असा प्रश्न आम्ही प्रत्येक स्त्रीस विचारतो आणि उत्तर लिहून ठेवतो. पाळी गेल्यानंतर आलेला एक थेंब रक्तही तपासणीशिवाय प्रदर ठरवीत नाही. अभ्यंगापूर्वी परिचारिका त्वचा पाहते व काही दिसल्यास सांगते. या तीन गोष्टींना ना खर्च लागतो, ना विशेष ज्ञान.

मावशी आजही आमच्याकडे येतात. पट्टी चालू आहे, कॅप्सूलही चालू आहे. कंबरेसाठी अभ्यंग आम्ही गुरुवारी ठेवतो, कारण पट्टी बदलण्याचा तो वार आहे. मागील भेटीत त्यांनी स्वतःच पिशवीतून दोन्ही पाकिटे काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "वैद्यसाहेब, विचारायच्या आधीच दाखवते." प्रत्येक रुग्णेस असे दाखवावेसे वाटेल, इतके आपले विचारणे स्पष्ट असावे, एवढीच आमच्या वैद्य व औषध विक्रेते बंधुभगिनींना विनंती आहे.